चहापुरते स्वावलंबन

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील माणसे दिवसाचे चोवीस तास कशी घालवतात, याची ती पाहणी होती. अशी देशव्यापी पाहणी प्रथम २०१९ साली झाली आणि त्यानंतर २०२४ साली. आपल्याकडे अशा अहवालांच्या वाट्याला जे येते तेच याच्याही आले. एक दिवस वृत्तपत्रात मथळा, दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर अर्धा तास वादावादी आणि तिसऱ्या दिवशी रद्दी. बँकेच्या नोकरीत आयुष्यातली ऐन वर्षे आकड्यांच्या संगतीत गेल्यामुळे मला मात्र असले तक्ते सहजी टाकवत नाहीत. ताळेबंदात मथळ्यापेक्षा तळटीप अधिक बोलकी असते, हे तिथे शिकलो.

मथळा असा होता : घरातली बिनमोबदल्याची कामे करण्यात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. या कामांत स्वयंपाक, झाडलोट आणि धुणीभांडी तर आहेतच, शिवाय बाजारहाट आणि किरकोळ दुरुस्तीही आहे. म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणली तरी ती मिनिटे पुरुषाच्या खाती जमा होतात. तरीही बेरीज दीड तासापर्यंत पोचत नाही.

आता तळटीप. ही सरासरी सगळ्यांची नाही. त्या दिवशी ज्यांनी असे काही काम केले, फक्त त्यांची आहे. २०१९ च्या पाहणीत शंभर स्त्रियांपैकी ८१ जणींनी घरकाम केले होते, पुरुषांपैकी २६ जणांनी. उरलेल्या ७४ पुरुषांच्या नावावर शून्य. त्या २६ जणांची ९७ मिनिटे सर्व पुरुषांत वाटून टाकली, तर माणशी पंचवीस मिनिटे येतात. स्त्रियांचा हिशेब तसाच केला, तर माणशी चार तास होतात. पंचवीस मिनिटे आणि चार तास. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नसावी.

दोन पाहण्यांच्या मधोमध एक मोठी घटना घडून गेली. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून शहरांतील लाखो घरांत कामाच्या मावशी येईनाशा झाल्या. त्या दिवसांत कितीतरी पुरुषांनी हातात झाडू घेतला, भांडी विसळली, नकाशासारख्या पोळ्या लाटल्या आणि त्यांची छायाचित्रे नातेवाइकांना धाडली. आता काहीतरी कायमचे बदलणार, असे लेख तेव्हा पुष्कळांनी लिहिले. चार वर्षांनी पाहणी झाली तेव्हा घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी वाढण्याऐवजी नऊ मिनिटांनी घटलेली निघाली. याचा अर्थ काय? पुरुष मुळातच आळशी, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर हाती काहीच लागत नाही. मला वाटते, टाळेबंदीत पुरुषांनी कामे केली. ती शिकली मात्र नाहीत. संकट म्हणून केलेले काम संकटाबरोबर जाते. अंगी बाणलेले कसब मागे उरते.

‘मला नाही येत’ हे मराठी पुरुषाचे घरातले आवडते वाक्य. त्यात निम्मा बहाणा असतो, पण निम्मे वास्तवही असते. माझ्या वयाच्या, म्हणजे साठी ओलांडलेल्या पुरुषांची कथा पाहा. लहानपणी आई वाढत होती. शिक्षणाला वा नोकरीला बाहेर पडल्यावर खाणावळ होती. मुंबईच्या गिरणगावात तर ही फार मोठी व्यवस्थाच होती. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार खाणावळवाल्या बायकांच्या घरी जेवत. त्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ही आपल्या चळवळींच्या इतिहासातील मानाची गोष्ट आहे. पण त्या इतिहासाची दुसरी बाजू अशी, की गावात असो वा मुंबईत, पुरुषाचे ताट कोणीतरी बाईच भरत आली. आई, मग खाणावळ, मग बायको आणि आता मोबाइल. ताट तेच, वाढणारे हात तेवढे बदलले.

पूर्वी निदान मुलींपर्यंत तरी ही विद्या पोचत होती. आता मुलींच्या आया म्हणतात, ‘तू अभ्यास कर, हे काय, पुढे येईलच.’ त्यात त्यांची चूक नाही. मुलगी ओट्यापाशी अडकू नये असेच त्यांना वाटते. मात्र मुलींना ओट्यापासून मोकळे करताना मुलांना ओट्यापाशी आणायचे राहून गेले. परिणाम असा, की आज तिशीतल्या कित्येक जोडप्यांत दोघेही सारखेच अडाणी आहेत. ही समानता खरी, पण हवी होती ती ही नव्हे.

ही पोकळी बाजाराने अचूक हेरली आहे. सरकारच्याच कुटुंब-खर्च पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चात पेये, बाहेरचे खाणे व तयार पदार्थ यांचा वाटा २०२३-२४ मध्ये ११ टक्क्यांच्या घरात गेला. खाद्यपदार्थांवरील खर्चात सर्वांत मोठा वाटा याच सदराचा आहे. धान्य, भाजी आणि दूध त्याच्या मागे. मार्च २०२५ मध्ये एका सेवा-कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची योजना आणली आणि तिचे नावच ‘इन्स्टा मेड्स’ ठेवले. टीका झाल्यावर ‘मेड्स’ जाऊन ‘हेल्प’ आले. नाव बदलले, कल्पना तीच राहिली : आपल्या घरचा केर हा आपला विषयच नव्हे.

पैसे मोजून सेवा घेण्यात गैर काही नाही. अनेकींचा संसार त्यावर चालतो आणि त्यांना योग्य वेतन, सुट्टी व सन्मान मिळाला पाहिजे. महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला, तो याचसाठी. पण ज्याला काम येते त्याने ते दुसऱ्याकडून करून घेणे वेगळे आणि ज्याला येतच नाही त्याने त्यासाठी अवलंबून राहणे वेगळे. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात लाचारी. ही लाचारी तरुणपणी जाणवत नाही. ती जाणवते साठीनंतर.

आमच्या बाबतीत तेच झाले. पुण्याच्या उपनगरात आम्ही आठ-दहा निवृत्त मित्र सकाळी फिरायला जातो. कुणी अभियंता होता, कुणी प्राध्यापक, दोघे माझ्यासारखेच बँकवाले. त्यातल्या एकाच्या पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे विश्रांती सांगितली गेली. मुलगा परदेशात. पोळीवाल्या बाई होत्या, त्या नेमक्या गावी गेलेल्या. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात पूल बांधले, त्याला घरात तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे ते ठाऊक नव्हते. नवव्या दिवशी वहिनी वॉकर घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘भाऊजी, मला मेलीला आजारी पडायचीसुद्धा चोरी!’ त्या हसून म्हणाल्या, पण आम्हा कुणालाच हसू आले नाही.

नोकरीत माझ्या बदल्या झाल्या त्या बहुतेक तालुक्याच्या गावी. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब पुण्यात आणि मी भाड्याच्या खोलीत, असे बरेच दिवस काढले. तेव्हा पोटासाठी जे शिकलो ते त्या दिवशी मित्राला दाखवले : वरणभाताचा कुकर. पुढच्या शनिवारी दुसरा मित्र म्हणाला, ‘अरे, मलाही दाखव की.’ अशी आमची शनिवारची शाळा सुरू झाली. तिला नाव नाही, फी नाही आणि प्रमाणपत्रही नाही. गेल्या दोन वर्षांत तिथे जे दिसले ते सांगण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नवशिक्याला पदार्थाची कृती अडवत नाही. कृती मोबाइलवर हजार मिळतात. अडते ते कृतीच्या अलीकडचे. कुकर लावण्याआधी झाकणावरच्या शिट्टीखालचे भोक उजेडात धरून बघायचे. भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी, डाळीला अडीच ते तीनपट. पहिली शिट्टी झाली की आच मंद करायची. फोडणीत तेल तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग आणि हळद सर्वांत शेवटी, कारण हळद क्षणात करपते. कणीक मळून वीस मिनिटे झाकून ठेवायची. पोळी गोल झाली नाही तरी चालते, कडा जाड राहिल्या तर मात्र चालत नाही. ज्याला हे माहीत आहे त्याला ते सांगावेसेही वाटत नाही, इतके ते उघड असते. आणि ज्याला माहीत नाही त्याला नेमका काय प्रश्न विचारावा हेच कळत नाही.

म्हणूनच नवऱ्याला बायकोने शिकवणे बहुधा जमत नाही. ती म्हणते, ‘अंदाजाने घाला.’ तिचा अंदाज चाळीस वर्षांचा, ह्याचा चाळीस मिनिटांचा. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि घरोघरी पोचले, त्याचे एक कारण हेच, की त्यांनी हातातला अंदाज वाटी-चमच्याच्या मापात आणून दिला. शिवाय नवरा-बायकोच्या शिकवणीत चाळीस वर्षांची जुनी बाकीही निघते. ‘हे आत्ता सुचतंय का?’ हा प्रश्न रास्त असतो, पण त्या क्षणी कढईतला कांदा जळत असतो. मित्राशी अशी बाकी नसते. त्याच्यासमोर फजिती झाली तर टिंगल होते, अपमान होत नाही. आणि जो गेल्याच महिन्यात शिकला, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असते. तो अधिक चांगला शिकवतो. आमच्याकडे आता कणीक शिकवण्याचे काम त्या पूलवाल्या अभियंत्याकडेच आहे. नियम एकच : शिकवणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधायचे. ‘थांब, मीच करतो’ म्हटले की शिकणे संपले.

स्वयंपाकापाठोपाठ सफाई आली. केर वरून खाली काढायचा. आधी जळमटे आणि पंखा, मग कपाटाचा माथा, शेवटी जमीन. संडासात घालायचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो घातक असतो. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हे अर्थातच एका वाक्यात सांगितले. पण स्वतःच्या घरी संडास कधी घासला होता, ते मात्र त्याला सांगता येईना. गॅसच्या सिलिंडरवर इंग्रजीतले ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. वर्षाच्या कोणत्या तिमाहीत त्या सिलिंडरची तपासणी करायची ते त्यावरून कळते. गॅस गळतीच्या तक्रारीचा क्रमांक १९०६. हे दोन्ही आमच्यातल्या बहुतेकांनी प्रथमच ऐकले. मग शिवण : सुईत दोरा ओवणे, धावदोरा, पँटच्या खालच्या कडेची तुरपाई, शर्टाचे बटण. बटण लावताना त्याखाली आगकाडी धरायची आणि शेवटी ती काढून मोकळ्या दोऱ्याला वेढे द्यायचे, म्हणजे काजात घालायला जागा राहते. एवढ्याशा युक्तीने मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसे लहान मुलासारखी खूश झालेली मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रविवारी हौसेने पनीरची भाजी करणे म्हणजे घरकाम येणे नव्हे. भाजी होते, वाहवा होते आणि मागे बेसिनमध्ये चौदा भांडी उरतात. खरे घरकाम मंगळवारच्या संध्याकाळी असते. घरात काय आहे, काय संपत आले, कालचे काय उरले आणि आज त्याचे काय करायचे, याचा हिशेब सतत डोक्यात चालू ठेवणे हेच मूळ काम. ते दिसत नाही आणि कोणत्याही पाहणीत नीटसे मोजले जात नाही. ‘मी हिला मदत करतो’ म्हणणारा पुरुष हात देतो, पण डोके तिचेच वापरतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो हाताखालचा कारकून होतो, जबाबदारी अधिकाऱ्याचीच राहते. आमच्या शाळेत म्हणून आता प्रत्येकाने महिन्यातून एक आठवडा वाणसामानाची यादी स्वतः करायची आणि जेवणानंतर ओटा, बेसिन व त्यातली जाळी साफ करूनच उठायचे, असा दंडक आहे. त्यात नापास होणारे पुष्कळ आहेत.

आमच्या घरातल्या स्त्रियांनी या सगळ्याकडे प्रथम करमणूक म्हणून पाहिले. एक वहिनी स्पष्टच म्हणाल्या, ‘आम्ही पन्नास वर्षं केलं त्याचं कुणी नाव काढलं नाही. तुम्ही एकदा पोळी लाटली तर लगेच लेख!’ याला माझ्यापाशी उत्तर नाही. त्यांनी पुढे केलेली सूचना मात्र आम्ही ताबडतोब मान्य केली : आम्हालाही शिकवा. स्वयंपाक नव्हे, बँक. नोकरीत मी अशा कितीतरी स्त्रिया पाहिल्या, ज्यांना पतीच्या निधनानंतर आपली मुदत ठेव कुठे आहे, वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे, हे माहीत नव्हते. संसारातले एक खाते त्यांच्यासाठी कायम बंद ठेवलेले होते. तेव्हा महिन्यातला एक शनिवार आता त्यांचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशिते ठेवता येतात, ही माहिती त्या वर्गात सर्वांत उपयोगी ठरली. अडाणीपण दोन्ही बाजूंना आहे. फरक एवढाच, की तिच्या अडाणीपणाची किंमत तिला कधीतरी मोजावी लागते आणि त्याच्या अडाणीपणाची किंमतही रोज तीच मोजते.

मित्रांनी मित्रांना शिकवणे हा अर्थात तात्पुरता उपाय झाला. मूळ काम शाळेचे आहे. हा विचार आपल्याला नवा नाही. गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली ती हातांच्या कामातून शिक्षणाचीच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात शेती, यंत्रकाम आणि ऊर्जा यांच्या बरोबरीने गृह व आरोग्य हाही विभाग आहे. जपानमध्ये गृहशास्त्र हा विषय माध्यमिक शाळांत मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा झाला तो १९९३-९४ मध्ये; तोवर तिथेही तो मुलींच्याच वाट्याला होता. आमच्या शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असे. पुढे दहावीच्या गुणांपुढे दोन्ही मागे पडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून हातकाम शिकवण्याची सूचना आहे. दहा दिवस थोडेच, पण त्यातला एक दिवस प्रत्येक मुलाने कुकर लावायला शिकण्यात घालवला तर तो वाया जाणार नाही. केरळच्या तिसरीच्या पाठ्यपुस्तकात २०२४ साली नारळ खोवणारे वडील दाखवले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. वडिलांनी नारळ खोवणे ही बातमी व्हावी, यातच आपण कुठे आहोत ते कळते.

एक आकडा न्यायालयातलाही आहे. अपघातात मरण पावलेल्या गृहिणीच्या वारसांना भरपाई देताना तिच्या घरकामाचे मोल धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील एका निकालात पुन्हा ठासून सांगितले. न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या निकालपत्रात याच वेळ-वापर पाहणीतील २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला दिला आहे. निकाल स्वागतार्हच आहे. पण त्यातले दुःख असे, की तिच्या कामाचा हिशेब मांडण्यासाठी तिला मरावे लागले.

तो हिशेब ती जिवंत असताना मांडायचा असेल तर एक जुना बँकवाला म्हणून मी एक उपाय सुचवतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे : संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सलग रजा सक्तीने द्यायची, तीही आगाऊ कल्पना न देता. हेतू असा, की त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याने त्याचे टेबल चालवावे आणि आतले जे काही झाकलेले असेल ते बाहेर यावे. घरात स्वयंपाकघराइतकी संवेदनशील जागा दुसरी नाही आणि तिथल्या अधिकाऱ्याला चाळीस-पन्नास वर्षांत अशी रजा एकदाही मिळालेली नसते. ती द्यावी. तिने दहा दिवस बहिणीकडे जावे, मैत्रिणींबरोबर कोकणात जावे किंवा घरातच खुर्चीवर बसून पुस्तक वाचावे. फोनवर ‘जिरे कुठे आहे’ हा प्रश्न विचारायला मनाई. डबे उघडून शोधावे.

पहिल्या वर्षी भात कच्चा राहील, दूध उतू जाईल आणि पांढऱ्या शर्टांना गुलाबी रंग लागेल. तेवढे नुकसान सोसण्यासारखे आहे. आमच्या त्या अभियंता मित्राच्या पत्नी आता चालू-फिरू लागल्या आहेत. सकाळचा स्वयंपाक मात्र अजूनही तोच करतो. मीठ कधी कमी पडते, कधी जास्त होते. वहिनी ते आणखी मीठ वाढून घेऊन किंवा दही कालवून खातात आणि बोलत नाहीत. शिकणाऱ्याला एवढी सूट त्यांनी स्वतःहून दिली आहे.